यादीत नसलेली चौथी ओळ

१९ डिसेंबर २०२५, शुक्रवार. येळवस. हातातलं काम एकच – रक्तदात्यांच्या यादीतल्या तारखा वेब पानावर नीट दिसायला लावायच्या.

भुताखेतांवर, अंगात येण्यावर, करणीवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगते. आळंदला अठरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवते. या धंद्यात माणसाला एक सवय लागते – स्क्रीनवर जे दिसतं ते कुणीतरी, कुठंतरी लिहिलेलं असतंच. आपल्याला सापडत नसेल तर नीट शोधायचं. सापडतंच. या सदरातले अनुभव मी वाचते, पण चहा पिता पिता, आणि खोटं कशाला बोलू, हसत हसत. आमचे हे म्हणतात, तुला भूत भेटलं तर तू त्याचं आधार कार्ड मागशील.

तरी आज लिहायला बसले आहे. जे झालं ते तसंच्या तसं लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव गाळलं आहे, कारण त्या घरच्यांनी तसं सांगितलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस उरत नाही. सगळं घरदार शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं करायचं, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची, 'ओलगे ओलगे' अशा आरोळ्या देत आंबील उभ्या पिकावर शिंपडायची, आणि मग भज्जी-भाकरी, उंडे, खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या घरचे सकाळी आठलाच मडकी घेऊन गेले होते. मी म्हटलं, एकपर्यंत येते.

कारण असं – आमच्या गावातल्या रक्तदात्यांच्या गटानं मला एक पान करून मागितलं होतं. नाव, गाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी, पुन्हा कधी देता येईल. रविवारी ते सगळ्यांना दाखवायचं होतं. पान पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं, अजून माझ्याच लॅपटॉपवर. इंटरनेटवर चढवलंच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

अडचण तारखांची होती. माणसं फॉर्मवर तारीख आपल्याला हवी तशी लिहितात. कुणी तिरप्या रेघा मारतं, कुणी आडव्या, कुणी टिंबं देतं. आणि पीएचपीची एक खोड आहे. तिरप्या रेघांची तारीख दिसली की ती अमेरिकन आहे असं समजून महिना आधी वाचते. म्हणजे ५/९ लिहिलं तर आपल्याला पाच सप्टेंबर, तिला नऊ मे. आणि २५/७ दिलं तर पंचविसावा महिना नसतो, मग ती काहीच वाचत नाही आणि पानावर थेट १ जानेवारी १९७० दाखवते. त्या सकाळी आमच्या यादीतल्या निम्म्या लोकांनी १९७० साली रक्त दिलं होतं. त्यातले बरेच तेव्हा जन्मलेही नव्हते.

क्लासमध्ये माझ्याबरोबर महादेवी होती. टायपिंग शिकवते, फॉर्मही तिनंच भरले. घरी कन्नड, बाजारात दखनी उर्दू, माझ्याशी मराठी – तिन्ही सारखीच फाडफाड.

"अक्का, आज बैलालाबी सुट्टी असतीया. ह्या यंत्राला कामून जुंपायलाव?"

"तारखा उलट्या आल्यात, दिसत नाही का?"

"माझ्या सासूच्या जन्मतारखेपेक्षा बऱ्या हायत. ती म्हनती पटकीच्या सालातली."

साडेअकरापर्यंत मी सगळ्या तिरप्या रेघा आडव्या करून घेतल्या, मग १९७० साल गेलं. तारखा सरळ झाल्या – दिवस, महिना, साल, इंग्रजी आकड्यांत. गटाच्या लोकांना वार आणि महिन्याचं नाव मराठीत हवं होतं. पण पीएचपीला तारीख मागितली तर ती मंडे-ट्यूसडे इंग्रजीतच देते. मराठीत हवं तर सात वार आणि बारा महिने आपण हातानं लिहून द्यावे लागतात. ते काम मी संध्याकाळवर ठेवलं होतं. म्हणजे त्या घडीला माझ्या कोडमध्ये 'सोमवार' हा शब्दसुद्धा नव्हता. हेही लक्षात ठेवा.

पावणेबाराला फोन वाजला. माझी थोरली जाऊ, ललितावहिनी. त्या कलबुर्गीला, लेकीच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होत्या. अश्विनी, त्यांची एकुलती एक. माझ्याच क्लासमध्ये शिकलेली, माझ्याच घरी वाढलेली म्हटलं तरी चालेल.

"सुनंदा, अश्विनीला मुलगी झाली."

आवाज आनंदाचा नव्हता.

"मग? बाळंतीण कशी आहे?"

"रगत थांबंना गं. ओ निगेटिव्ह हाय म्हनायलेत. एक पिशवी होती ती लावली. दुसरी सोलापूरहून मागवलीया. आनखी एक तरी पायजेच म्हनायलेत. जावयाचं बघितलं, त्याच्या भावाचं बघितलं, कुनाचंच जुळंना."

"किती वाजेपर्यंत हवं?"

"सहाच्या आत म्हनायलेत."

मी मनात हिशेब मांडला. रक्त काढल्यावर तपासायला, जुळवायला दोन-अडीच तास जातात. म्हणजे माणूस साडेतीनच्या आत कलबुर्गीत हवा. आळंदहून तास-सव्वा तास. म्हणजे दोनच्या आत माणूस गाडीत बसलेला हवा. आणि आज येळवस. गाव रिकामं, फोन कोपीत टांगलेले, शिवारात रेंज नाही.

"वहिनी, फोन ठेवा. मी बघते," म्हटलं.

पानावर रक्तगटाच्या खान्यात ओ निगेटिव्ह निवडलं. आमच्या यादीत त्या गटाचे तीनच लोक आहेत, हे मला पाठ होतं. फॉर्म भरताना महादेवी म्हणालीही होती, "अख्ख्या तालुक्यात तीनच व्हय?"

चार ओळी आल्या.

पहिला बँकेत होता, बदली होऊन हुबळीला गेला. दुसरी एक मुलगी, तिनं तीन आठवड्यांपूर्वीच दिलं होतं. तिसरे दुकानदार, गेल्या महिन्यापासून इन्शुलिनवर, त्यांचं रक्त घेत नाहीत. आणि चौथी ओळ –

बिरप्पा मल्लप्पा. पुढे गावाचं नाव. शेवटचं रक्तदान: मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. पुन्हा देता येईल: सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ पासून.

खरं सांगते, माणसाचं नाव मी नंतर वाचलं. आधी तारखेचाच राग आला. वरच्या तीन ओळींत तारखा माझ्या पद्धतीच्या, इंग्रजी आकड्यांत. ही एकच मराठीत, वारासकट, महिन्याच्या नावासकट.

"महादेवी, ह्यात वार कुणी घातला?"

ती उठून मागे आली. मराठी अक्षर ती जरा सावकाश वाचते, बोट ठेवून. "मं-ग-ळ-वार. बारा ऑगस्ट." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी न्हाई अक्का. मला वार घालता आला असता तर मी तुमच्याकडं कामून राह्यले असते?"

"आणि हा बिरप्पा कोण?"

"मी ह्याचा फॉर्म भरला न्हाई."

फोनचा रकाना रिकामा होता. मी हजेरीवहीच्या पाठीमागच्या पानावर ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली. हे मी नेहमीच करते, स्क्रीनवर काही वेगळं दिसलं की आधी लिहून ठेवायचं आणि मग हात लावायचा. मग फोन नंबर कुठं दडलाय का बघायला पान ताजं, म्हणजे रिफ्रेश केलं.

तीन ओळी.

पुन्हा ताजं केलं. तीनच. महादेवीनं माझ्या खांद्याला धरलं.

"अक्का, आत्ता होतं की हो इथं."

"होतं."

"मग?"

"मग काय? ते नंतर बघू. गाव किती लांब आहे?"

"अकरा किलोमीटर. उमरग्याच्या रस्त्याला."

लोक मला विचारतात, तुम्ही विश्वास नसताना गेलात कशा? मी विश्वास ठेवून गेले नाही. ओळ चुकीची असली तर माझा जाऊन-येऊन तासभर जाणार होता. बरोबर असली तर अश्विनी वाचणार होती. आणि हातात दुसरं काहीही नव्हतं. रक्तदात्यांचा गट चालवणाऱ्या तिघांना फोन लावले, तिघांचेही बंद. सव्वाबाराला मी लॅपटॉप पिशवीत घालून खांद्याला लावला, स्कूटर काढली, महादेवी मागे बसली. तिला एकटीला क्लासमध्ये थांबायचं नव्हतं. कारण मी विचारलं नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरी वाळत आलेल्या, ज्वारी पोटऱ्यात, आणि मधूनमधून कडब्याच्या कोपी. शिवारातून 'ओलगेऽ ओलगे' आरोळ्या येत होत्या. गावाच्या शिवेत शिरलो आणि पहिल्याच बांधावर अडवणूक.

"ओ अक्का, उतरा. आंबील पिऊन जावा."

"बिरप्पा मल्लप्पाचं शेत कुठलं हो, अण्णा?"

"कोनता बिरप्पा? आमच्या शिवारात पाच बिरप्पा हायत."

"मल्लप्पाचा."

"मल्लप्पाचे दोन."

"रक्त देणारा."

तो माणूस हसला. "रगत देनारा ठावं न्हाई. रगत पिनारे सांगतो की, दोन-चार हायत."

कोपीतली सगळी हसली. मला हसू येईना. मी गाडीवरूनच सांगितलं – कलबुर्गीत बाळंतीण अत्यवस्थ आहे, रक्त हवंय, दोन वाजेपर्यंत माणूस न्यायचाय. हसणं तिथंच थांबलं. त्याच माणसानं आंबिलीचा गिलास महादेवीच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातानं दिशा दाखवली.

"मल्लप्पाचा एक बिरप्पा सत्तरीचा हाय, त्याचा काय उपेग न्हाई. दुसरा ओढ्याच्या पलीकडं. उंबर दिसायलाय न्हवं, त्याच्या बुडी. गाडी जायची न्हाई, पळत जावा."

महादेवीनं गिलास एका घोटात रिकामा केला आणि आम्ही पळालो. माझं वय सत्तेचाळीस, गुडघा एक कामाचा आणि एक बिनकामाचा. ओढ्यात पाणी घोट्याएवढं. चपला हातात घेऊन पलीकडं गेलो तेव्हा बारा पन्नास झाले होते.

उंबराखाली कोप होती, दहा-बारा माणसं होती, पूजा नुकतीच झाली होती. पस्तीसेक वर्षांचा एक उंच माणूस आंबिलीचं मडकं कडेवर घेऊन पिकात उतरायच्या बेतात होता.

"बिरप्पा मल्लप्पा तुम्हीच?"

"व्हय. तुमी कोन, अक्का?"

"तुमचा रक्तगट कोणता?"

त्यानं आधी मागं वळून म्हातारीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ओ निगेटिव्ह आहे का? हो किंवा नाही सांगा."

"...व्हय. पर तुमाला कुनी सांगितलं?"

"तुम्ही बारा ऑगस्टला रक्त दिलंत?"

मडकं त्याच्या कडेवरून निसटता निसटता राहिलं. कोपीपाशी बसलेली त्याची आई उभी राहिली. काटक बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

"काय दिलास?"

"काय न्हाई, अव्वा."

"ही बाई काय म्हनायली? रगत दिलास? कवा? कुनाला?"

पलीकडं भाकरी मोडत बसलेला एकजण हळूच म्हणाला, "मला, मामी." तो त्यांचा जावई, बिरप्पाच्या बहिणीचा नवरा, उमरग्याकडचा. ऑगस्टात गाडीवरून पडला होता. बिरप्पानं तिकडं जाऊन रक्त दिलं, आणि घरी सांगितलं की मेंढरं बघायला चाललो.

"म्हंजे समद्यांना ठावं, मलाच न्हाई," म्हातारी म्हणाली. "चार म्हैने झाले, माझं लेकरू वाळायलंय म्हनून मी देवाला नवस बोलायले, आन् हा रगत वाटत फिरायला."

"अव्वा, मी वाळलो न्हाई."

"गप. तुला काय कळतंय."

मी मध्ये पडले. घड्याळ डोळ्यापुढं होतं. अश्विनीचं सगळं सांगितलं. सकाळी मुलगी झाली, आई जगेल की नाही ते सहा वाजेपर्यंत ठरणार. बिरप्पानं मडकं खाली ठेवलं.

"चला," म्हणाला.

"थांब." म्हातारीनं वाट अडवली. "शेत शिंपल्याबिगर शिव वलांडायची न्हाई. तुझ्या बापानं कवा वलांडली न्हाई, तुझ्या आज्यानं न्हाई. वरीसभर ह्या मातीचं खायचंय."

"किती वेळ लागतो शिंपायला?" मी विचारलं.

"सहा एकर हाय. पाऊण तास."

"मग आपण चौघं चार बाजूंनी धरू. दहा मिनिटांत होईल."

"परक्या बाईनं शिंपायचं व्हय आमचं शेत?"

"मावशी, मग तुम्ही शिंपा. शेत तुमचंच आहे ना?"

ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या मिळणार. पण तिनं विचारलं, "तुमच्या पोरीला काय झालं म्हनलाव? ल्योक का लेक?"

"लेक. दोन तासांची सुद्धा नव्हती, मला फोन आला तेव्हा."

तिनं पदर खोचला, मडकं उचललं, कडेवर घेतलं. "मी शिंपते. जा तू. पर रिकाम्या पोटी जाऊ नगं, जेवून जा."

तेही बरोबरच होतं. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. बिरप्पानं उभ्याउभ्या भज्जी-भाकरी खाल्ली. मी घड्याळ बघत होते, तो खात होता, महादेवीही खात होती. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "नगं म्हनलं तर वाईट वाटतंय, अक्का." पिकातून म्हातारीची आरोळी येत होती, ओलगेऽ ओलगे, आणि खणखणीत होती.

जावयाची गाडी रस्त्यावर उभी होती. एक पस्तीसला आम्ही निघालो. जावई गाडी चालवत होता, मी पुढं, बिरप्पा आणि महादेवी मागं. वाटेत रेंज आली तसं मी वहिनींना कळवलं, माणूस मिळाला. त्या नुसत्या रडल्या. मी म्हटलं, रडू नका, खाली कोण उभं राहणार ते ठरवा.

मग बिरप्पानं पुन्हा विचारलं. "अक्का, माझं नाव तुमाला कुनी दिलं?"

"तुम्ही आमच्या गटाचा फॉर्म भरला होता ना? आळंदला?"

"न्हाई. मला तुमचा गट ठावंबी न्हाई."

"कुठल्या शिबिरात गेला होता?"

"न्हाई. जल्मात एकदाच रगत दिलं, ते ह्या दाजीसाठी. ही बघा चिठ्ठी." त्यानं पाकिटातून एक कार्ड काढलं. त्यावर इंग्रजीत नाव, गट, तारीख. तारीख आकड्यांत, आडव्या रेघांनी. वार नव्हता.

"वार कोणता होता, आठवतंय?"

"मंगळवार," जावईच म्हणाला. "सोमवारी मी पडलो, दुसऱ्या दिवशी ह्यानं दिलं."

महादेवीनं मागून माझ्या खांद्याला बोट लावलं. मी मागं बघितलं नाही. माझ्या हातावर काटा आला होता आणि तो कुणाला दिसावा अशी माझी इच्छा नव्हती.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. बिरप्पाला आत घेतलं, तपासलं. गट तोच. अंतर चार महिन्यांचं, चालतं. पावणेसहाला पिशवी अश्विनीला लागली. सोलापूरची त्याआधी अर्धा तास आली होती. सात वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्तस्राव थांबलाय, आता काळजी नाही. वहिनी बिरप्पाच्या पाया पडायला गेल्या तर तो भिंतीला चिकटला. "नगा हो, म्होट्या हाव तुमी," म्हणत होता.

आता अनुभवाचा भाग. माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट तिथं आहे.

लॅपटॉप मी बरोबर आणला होता, पिशवीत. डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि मी दवाखान्याच्या बाकड्यावरच तो उघडला. यादीचा मूळ तक्ता बघितला. प्रत्येक नोंदीला एकापुढं एक क्रमांक असतो, एखादी पुसली तर तो आकडा कायमचा गळतो. एकही आकडा गळलेला नव्हता. म्हणजे बिरप्पाची नोंद पुसली गेली नाही. ती कधी झालीच नव्हती. मग कोड बघितलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वारांची नावं नाहीत, महिन्यांची नाहीत, मराठी आकड्यांत बदलणारं काही नाही. माझा एक जुना विद्यार्थी आता बेंगळुरूला मोठ्या नोकरीत आहे. त्याला सगळं पाठवलं. त्यानं दुसऱ्या आठवड्यात फोन केला.

"मॅडम, ब्राउझरनं भाषांतर केलं असेल."

"एकाच ओळीचं? आणि भाषांतर करून नवा माणूस तयार होतो का?"

"कुणीतरी बाहेरून घातलं असेल."

"पान माझ्याच लॅपटॉपवर होतं. बाहेरून येणार कुठून? आणि घालणार कोण? त्याच्या आईला सुद्धा ठाऊक नव्हतं."

"मॅडम, मग तुम्हाला भास झाला असेल."

"मला होईल एखादेवेळी. महादेवीला अक्षर लावून वाचावं लागतं. अक्षर लावून कुणाला भास होतो का?"

हजेरीवहीच्या पाठीमागं माझ्या अक्षरात ती ओळ अजून आहे – बिरप्पा मल्लप्पा, मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. माझ्याकडं पुरावा म्हणून तेवढंच. तोही माझ्याच हातचा, म्हणजे पुरावा नाहीच. मी पुष्कळ डोकं चालवलं. नसलेल्या नोंदीची ओळ, नसलेल्या कोडमधून, मला हव्या त्या घडीला कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर कळवा. फक्त चमत्कार म्हणू नका. तो शब्द वापरला की माणसं शोधायचं थांबवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवारी, मी काय केलं ते सांगते. पुढच्या खेपेला स्क्रीनवर आपोआप ओळ उगवेल, या भरवशावर मला बसायचं नव्हतं. बिरप्पाचा गट असा आहे म्हटल्यावर त्याच्या भावंडांतही कुणाचा तरी तसा असायची शक्यता मोठी. आणि येळवसला आलेल्या लेकी-सुना दुपारच्या आत परतणार. साडेसातला मी गावातल्या लॅबच्या माणसाला उठवलं, रात्री परतताना बांधावरून आणलेल्या स्कूटरवर मागे बसवलं आणि बिरप्पाच्या घरी गेले.

म्हातारी दारातच होती. "आनखी रगत पायजे व्हय?"

"नाही मावशी. फक्त एकेक थेंब. सगळ्यांचा."

तिनं डोळे वटारले, ओरडली, पण आधी स्वतःचं बोट पुढं केलं. अकरा माणसांची बोटं टोचली. दोन ओ निगेटिव्ह निघाल्या – एक बिरप्पाची बहीण रेणुका, दुसरी खुद्द म्हातारी.

"मग ल्हिवा की माझंबी नाव."

"तुमचं वय जास्त आहे, मावशी. पासष्टच्या पुढं घेत नाहीत."

"रगत काय म्हातारं व्हतंय व्हय?"

मी तिच्याशी वाद घातला नाही, पण नावही लिहिलं नाही. रेणुकाचा फॉर्म ओसरीवर बसून भरला. नाव, गाव, तिचा फोन, नवऱ्याचा फोन, शेजारणीचा फोन. शेवटच्या रक्तदानाच्या तारखेपाशी रेघ मारली, कारण तिनं कधी दिलंच नव्हतं. मग फॉर्मच्या खाली मोकळ्या जागेत मी हातानं एक नवा रकाना आखला आणि तिला विचारलं,

"येळवसला तुम्ही कुठल्या शेतात असता, आणि तिथं गाडी जाते का?"